प्याला परत आला तो रविवार

रविवारच्या उपासनेत सगळ्यांनी एका सुरात म्हणायचा श्रद्धेचा पाठ, विश्वासांगीकार, म्हणता म्हणता डॉक्टरीणबाईंनी तिला कोपरानं ढोसलं. बसमध्ये शेजारी डुलकी घेणाऱ्याला उतरायची जागा आली म्हणून कुणी ढोसतं, तेवढंच. त्या दिवशी ऑर्गन वाजवणारे मास्तर तापानं आजारी होते आणि माइकची वायर तुटलेली, त्यामुळे चाळीस-पंचेचाळीस माणसांचे आवाज अगदी उघडे पडले होते. कुणाचा घोगरा, कुणाचा किनरा, कुणी अर्धा शब्द पुढे तर कुणी अर्धा मागे. अशा वेळी एखादा आवाज मध्येच थांबला की शेजारच्याला कळतंच. ती ‘पवित्र जनांची सहभागिता’ म्हणाली, मग तिनं ओठ मिटले, आणि ‘शरीराचं पुनरुत्थान’पासून पुन्हा सुरू केलं. मधले दोन शब्द होते, ‘पापांची क्षमा’. ते ती चव्वेचाळीस वर्षं सोडत आली होती आणि इतक्या वर्षांत कुणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. ‘विसरलात वाटतं?’ डॉक्टरीणबाई कुजबुजल्या. ‘नाही,’ ती म्हणाली. तिला कुजबुजायचं सुचलंच नाही. पुढच्या बाकावरची दोन डोकी वळली, आणि एका डोक्यावरची टोपी जरा वाकडी झाली.

खाली बसल्यावर तिला बरगडीशी ती जागा जाणवत राहिली. दुखत नव्हतं, पण तिथं कुणीतरी बोट टेकवून ठेवल्यासारखं वाटत होतं. पाळकबाईंचं प्रवचन सुरू झालं. दीड वर्षापूर्वी त्या आल्या तेव्हा या चर्चमध्ये पहिल्यांदाच बाईमाणूस वेदीमागे उभं राहिलं, आणि सतरा कुटुंबं उठून दुसरीकडे गेली. राहिलेल्यांपैकी निम्मे अजून त्यांच्याकडे न बघता त्यांच्या हातून प्रभुभोजनाची भाकरी आणि द्राक्षारस घेत. तिला पाळकबाई आवडत, कारण त्या वाक्य पुरं करत. पस्तीस वर्षं कोर्टात लघुलेखन केलेल्या बाईला माणसाची पारख अशीच होते. वकील वाक्य लोंबतं ठेवून बसतात, साक्षीदार मध्येच दुसऱ्या वाक्यात शिरतात, आणि खोटं बोलणारा फार नीटनेटकी वाक्यं बोलतो. पुस्तकावर हात ठेवून माणसं काय काय बोलतात ते तिनं पेन्सिलीच्या टोकानं पस्तीस वर्षं टिपलं होतं. म्हणून स्वतः बोलताना तिला भीती वाटे. जे खरं वाटत नाही ते जिभेवर यायला नको. निवृत्त झाल्यावर कमिटीनं तिला सेक्रेटरी केलं, कारण मीटिंगचा वृत्तांत लिहायला दुसरं कुणी तयार नव्हतं. सगळे तिला स्टेनोबाई म्हणत. तोंडावर ‘बाई’.

उपासना संपल्यावर हॉलमध्ये चहा होता. दाताचे डॉक्टर, म्हणजे डॉक्टरीणबाईंचे यजमान आणि चर्चचा कारभार बघणारे वॉर्डन, हातात कागदांचा गठ्ठा घेऊन फिरत होते. चर्चला सव्वाशे वर्षं होणार होती. त्यासाठी चार पानी पत्रक निघणार होतं. ‘आमचा इतिहास, आमची दृष्टी, आमच्या श्रद्धा.’ मसुदा डॉक्टरांनीच लिहिला होता. ‘बाई, जरा शुद्धलेखन बघा,’ ते म्हणाले, आणि मग आजूबाजूला कुणी नाही असं पाहून हळूच, ‘आणि तुझ्या खणखणीत आवाजात इतिहास तूच वाच त्या दिवशी. आमच्या बाबांनाही आणतोय. चाकाच्या खुर्चीतून का होईना.’ लहानपणी दोघं एकाच संडेस्कूलमध्ये होती. एकटं गाठलं की तो अजून ‘तू’वर येई. तिनं कागद उभ्या उभ्याच वाचला. पहिली उपासना कशी एका गोदामात, पोत्यांवर बसून झाली; दगड कसे बैलगाड्यांनी आले; मनोरा वादळात पडला आणि पुन्हा उभा राहिला. आपण अँग्लिकन म्हणजे मधल्या वाटेची माणसं, टोकाला न जाणारी. आणि तिसऱ्या परिच्छेदात एक ओळ होती. ‘मधल्या काळात काही गैरसमज झाले, पण देवाच्या कृपेनं मंडळी एकजीव राहिली.’ तिनं भरलेला कप तसाच खिडकीत ठेवला आणि ती निघाली.

काही गैरसमज. घरी येऊन तिनं चपला काढल्या, दोन्ही खिडक्या उघडल्या आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर नुसती बसून राहिली. समोरच्या इमारतीत कुणी तरी गादी झटकत होतं. झटकल्याचा आवाज दृश्यापेक्षा जरा उशिरा पोचे, हात वर गेला की मग धप्. तिचे बाबा असेच चर्चच्या गुडघागाद्या झटकायचे. बाबा चर्चचे शिपाई होते. घंटा, दिवे, झाडलोट, मेणबत्त्यांचं ओघळलेलं मेण खरवडणं, आणि चांदीची भांडी घासणं. घासायला ते खडूची भुकटी वापरत आणि घासून झाली की भांडं तिच्या तोंडासमोर धरून म्हणत, ‘बघ, कोण आहे आत?’ प्याल्याच्या फुगीर पोटात तिचं तोंड रुंद दिसे आणि नाक बेडकासारखं. ती सोळा वर्षांची होती त्या वर्षी छपराची दुरुस्ती निघाली. कौलं उतरवली, जिकडेतिकडे धूळ. दुरुस्ती संपली आणि चांदीचा मोठा प्याला सापडेना. किल्ल्या बाबांकडे. तेव्हाचे वॉर्डन म्हणजे या डॉक्टरांचे वडील, शाळेचे हेडमास्तर. सगळं गाव त्यांना हेडसर म्हणे. त्यांनी बाबांना व्हेस्ट्रीत, पाळकांच्या झग्यांच्या खोलीत, बोलावलं. पोलिसांत कुणी गेलं नाही. मंडळीचं नाव नको खराब व्हायला, असं ठरलं, आणि ते दया म्हणून ठरलं. पुढे कोर्टात नोकरीला लागल्यावर तिला त्या दयेचा अर्थ कळला. फिर्याद नाही म्हणजे चौकशी नाही, आणि चौकशी नाही म्हणजे सुटकाही नाही. आळ आपला जिथं टाकला तिथं पडून राहतो.

त्यानंतरचा रविवार तिच्या अंगात कुठं तरी अजून चालूच होता. ती, आई आणि बाबा प्रभुभोजनासाठी वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकून होते. भाऊ नऊ वर्षांचा, मागं बाकावर. तिचं दृढीकरण होऊन, म्हणजे प्रभुभोजन घ्यायची मुभा मिळून, दोनच महिने झाले होते, म्हणून उजवा हात वर की डावा याकडेच तिचं लक्ष होतं. बाबांची ओंजळ तिला शेजारून दिसत होती. भुकटीनं पांढरी झालेली नखं. त्यांना कामावरून काढून सहा दिवस झाले होते, तरी ती नखं अजून पांढरीच. जुने पाळक भाकरीची तबकडी घेऊन आले. हेडसरांच्या बायकोच्या हातावर एक तुकडा. मग झग्याची कड बाबांसमोरून गेली. थांबली नाही. अंगणातलं डबकं चुकवताना माणूस जसा एक पाऊल लांब टाकतो तसं एक पाऊल पडलं, आणि पाळक आईसमोर उभे राहिले. आईनं ओंजळ मिटली. दोन्ही मुठी छातीशी घेऊन ती मान वर करून त्यांच्याकडे बघत राहिली. आणि मग ते तिच्यासमोर आले. तिचे हात उघडेच होते. तुकडा तिच्या हातावर आला, हातावरून तोंडात गेला, आणि काय झालं ते समजेपर्यंत तिनं तो गिळलाही होता. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आईनं पाहिलं असणार. आई जाईपर्यंत त्याविषयी एक अक्षर बोलली नाही. मधले दोन शब्द सोडताना तिला नेहमी वाटे की आपण हे मंडळीविरुद्ध करतोय. पण कधी कधी, विशेषतः गार हवेत, घशात तो तुकडा पुन्हा चिकटल्यासारखा वाटे आणि मग हे नेमकं कुणाविरुद्ध आहे ते तिला ठरवता येत नसे.

भावाचा फोन तिनंच लावला. तो दुसऱ्या शहरात लिफ्ट दुरुस्तीचं काम करी आणि गेली वीस वर्षं कुठल्याच चर्चमध्ये पाऊल टाकत नसे. तिनं ती ओळ वाचून दाखवली. ‘गैरसमज?’ तो म्हणाला. मागं कुठं तरी लोखंडावर लोखंड आपटत होतं. ‘बरं मग? तुला काय करायचंय?’

‘मला ते खोडायचंय. खरं घालायचंय.’

‘ताई, सोड ना आता. कोण राहिलंय? पाळक गेले, आई गेली, बाबा गेले. तो म्हातारा तेवढा.’

‘म्हणूनच.’

‘तू तिथं जातेसच कशाला, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. मी असतो तर तोंडही दाखवलं नसतं.’

‘बाबा जात होते.’

बाबा खरंच जात होते. सिमेंटच्या गोदामावर पहाऱ्याची नोकरी मिळाली तरी रविवारी सकाळी इस्त्रीचा सदरा घालून शेवटच्या बाकावर बसत. प्रभुभोजनाला उठत नसत. सगळे उठून पुढे गेले की रिकाम्या बाकांच्या रांगांमागं ते एकटे दिसत. एकदा तिनं चिडून विचारलं होतं, कशाला जाता अपमान करून घ्यायला? बाबांनी बुटाची नाडी बांधता बांधता उत्तर दिलं होतं, ‘मी जायचा थांबलो तर त्यांना बरं वाटेल. त्यांना बरं कशाला वाटू द्यायचं?’ आणि हसले होते. ते हसणं तिला पुरलं. ती जे काही करत आली ते त्या हसण्यावर.

बुधवारी डॉक्टर स्वतःच आले. तिनं मसुदा परत पाठवला होता. शुद्धलेखनाच्या नऊ चुका लाल पेन्सिलीनं दाखवून, आणि तिसऱ्या परिच्छेदावर काट मारून समासात चार ओळी लिहून. डॉक्टर खुर्चीच्या कडेवर बसले. दुसऱ्याच्या तोंडात वाकून वाकून त्यांच्या पाठीला कायमचा बाक आला होता. ‘तू हे असं लिहिलंस,’ ते म्हणाले, ‘म्हणजे माझ्या बाबांना तू चोर म्हणतेस.’

‘मी त्यांना चोर म्हटलेलं नाही. नीट वाच. त्यांनी दुरुस्तीच्या वेळी प्याला जपून ठेवायचा म्हणून जुन्या वेदीवस्त्रांच्या पेटीत ठेवला. किल्ली त्यांच्याकडेच. आणि विसरले. पुढे हे सगळ्यांना कळलं, बोललं कुणी नाही.’

‘विसरणं गुन्हा आहे का?’

‘नाही. आठवल्यावर गप्प बसणं आहे.’

‘अगं, एक्क्याण्णव वर्षांचे आहेत ते. किती दिवस राहिलेत त्यांचे? ते गेले की लिहू आपण. मी शब्द देतो.’

‘ते गेल्यावर लिहून कुणाला ऐकवायचं? थडग्याला?’

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मग जरा पुढे सरकून, पेशंटला दुखणार नाही असं सांगतात त्या सुरात म्हणाले, ‘आपण असं करू. भिंतीवर तुझ्या वडिलांच्या नावाची पाटी लावू. संगमरवरी. माझ्या खर्चानं. “मंडळीचे विश्वासू सेवक.” संस्थापकांच्या पाटीशेजारी जागा आहे.’ तिच्या मनात ती पाटी लख्ख उभी राहिली, हे तिनं नंतर स्वतःशी कबूल केलं. पांढरी, कोरीव अक्षरांची, सकाळच्या उन्हात. बाबांचं नाव त्या दगडी माणसांच्या रांगेत. क्षणभर तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग आला. ‘विश्वासू होते हे मला भिंतीकडून नको ऐकायला,’ ती म्हणाली. ‘तुमच्याकडून हवंय.’ डॉक्टर उठले. दारात म्हणाले, ‘तू आता विश्वासांगीकारही पुरता म्हणत नाहीस, असं ऐकलं. श्रद्धांच्या पानावर कमिटीतल्या सगळ्यांच्या सह्या घ्यायच्यात. मग तुझं काय करायचं?’ ती म्हणाली, ‘ते कमिटीत विचार.’

कमिटीत त्यांनी विचारलंच. रविवारी दुपारी, हॉलमधल्या लांब टेबलाभोवती, पंख्याच्या घरघरीत. पाळकबाई डोक्याशी, डॉक्टर त्यांच्या उजव्या हाताला, आणि बाकीचे सहा जण लवकर घरी जायला मिळावं अशा चेहऱ्यानं. तिनं पिशवीतून एक वही काढली. पातळ, पिवळी पडलेली, कोपरे खाल्लेले. सोळाव्या वर्षी ती लघुलेखनाच्या वर्गाला जात होती आणि सरावासाठी दर रविवारी चर्चमध्ये बसून बोललेलं सगळं टिपत असे. प्रवचन, प्रार्थना, सूचना, जे कानावर पडेल ते. बाबांना काढल्यावरही तिनं ते सोडलं नाही. उलट जास्त टिपू लागली. ‘प्याला हरवल्यावर अकरा महिन्यांनी,’ ती म्हणाली, ‘एका रविवारी तो वेदीवर होता. झाकलेला नव्हता. सगळ्यांना दिसत होता. माझे वडील मागच्या बाकावरून उभे राहिले, बघितलं, आणि खाली बसले. त्या दिवशीच्या सूचना वाचते.’ आणि तिनं त्या आकड्या-रेघांवरून बोट फिरवत सपाट आवाजात वाचल्या. गायकवृंदाचा सराव गुरुवारी सायंकाळी. फुलांची पाळी अमुक दोन कुटुंबांची. विहिरीच्या रहाटाचा दोर बदलला आहे, मुलांनी लोंबकळू नये. आजाऱ्यांसाठी प्रार्थना, तीन नावं. चौथ्या बाकाखाली एक छत्री सापडली आहे, ज्याची असेल त्यानं ओळख पटवून न्यावी. ‘संपलं,’ ती म्हणाली. ‘छत्री सापडली हे सांगितलं. प्याला सापडला हे नाही.’

कुणी तरी खोकलं. ऑर्गनमास्तर, जे आता बरे झाले होते, टेबलाकडे बघत म्हणाले, ‘बाई, तुमचं दुःख आम्हाला कळतं. पण सोहळ्याच्या दिवशी हे... आपण तर क्षमेची माणसं.’

‘क्षमा मागितली कुणी? तारीख सांगा, वहीत बघते.’

‘मनातून मागितली असेल.’

‘मास्तर, दर रविवारी आपण गुडघे टेकून म्हणतो की जे करायला हवं होतं ते आम्ही केलं नाही. सगळे मिळून, एका सुरात. काय केलं नाही असं कुणी कधी कुणाला विचारलंय का? मी विचारतेय. आणि ते दोन शब्द मी म्हणत नाही हेही खरं आहे. सही करणार नाही हेही लिहून घ्या. नाही तर मीच लिहिते, लिहायचं काम माझंच आहे.’ मग आपण फार मोठ्यानं बोलतोय असं तिच्या लक्षात आलं. पण आवाज खाली आणायची तिची तयारी नव्हती. मतं घेतली. तिच्या चार ओळींच्या बाजूनं तिचं एक. विरुद्ध सात. पाळकबाईंनी मत दिलं नाही. डॉक्टर म्हणाले, मग इतिहास आता मास्तर वाचतील. तिनं वृत्तांतात सगळं जसंच्या तसं लिहिलं, छत्रीसकट, आणि खाली एक ओळ घातली: सेक्रेटरींनी सांगितलं की त्यांना वाचायला दिलं तर त्या आपल्या चार ओळीच वाचतील. पुढच्या आठवड्यात वृत्तांत सहीला फिरला. कमिटीत कुणी कधी वृत्तांत वाचत नाही; आठही सह्या मुकाट आल्या. पाळकबाईंनी मात्र वाचला असावा, कारण त्या दुसऱ्या दिवशी तिच्या दारात उभ्या होत्या.

त्या आत येऊन बसल्या नाहीत. बाल्कनीच्या कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. पस्तिशीची बाई, डोळ्यांखाली काळं. ‘मी तुमच्याशी खरं बोलू?’ त्यांनी विचारलं. ‘आणखी चार कुटुंबं गेली तर बिशप मला हलवतील. मग म्हणतील, बघा, बाईला जमलं नाही. त्या दिवशी मी मत दिलं नाही ते तत्त्वानं नव्हे. भीतीनं.’ तिनं त्यांना बोलू दिलं. कबुलीजबाब देणाऱ्याला मध्ये तोडायचं नसतं, हे ती कोर्टात शिकली होती. ‘तुम्ही ते दोन शब्द म्हणावेत असं मला वाटतं,’ पाळकबाई पुढे म्हणाल्या. ‘हेडसरांसाठी नाही. तुमच्यासाठी.’

‘माझ्यासाठी म्हणजे?’

‘चव्वेचाळीस वर्षं तोंडात गुळणी धरून बसायचं म्हणजे काही खायचं काम नाही.’

आणि मग तिनं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्या गिळलेल्या तुकड्याविषयी सांगितलं. बाल्कनीत, वाळत घातलेल्या दोन टॉवेलांच्या मधे. पाळकबाईंनी सांत्वन केलं नाही, डोक्यावर हात ठेवला नाही. एवढंच म्हणाल्या, ‘तुमच्या चार ओळींत ते नाही.’ ‘काय?’ ‘तुम्ही. त्या ओळींत फक्त ते सगळे आहेत. तुम्ही नाही.’ तिची कानशिलं तापली. तिनं एक टॉवेल दोरीवरून ओढून काढला आणि त्याची घडी घातली. जाताना पाळकबाई म्हणाल्या, ‘उपासनेत कोण काय वाचणार ते वॉर्डन ठरवत नाहीत. मी ठरवते. इतिहास तुम्ही वाचा. तुमच्या पाठीशी उभी राहीन असं वचन मात्र देत नाही. उभं राहायच्या वेळी पाय काय करतील ते मला माहीत नाही.’ ती म्हणाली, ‘चालेल.’

सोहळ्याच्या सकाळी चर्च भरलं होतं. सोडून गेलेल्यांपैकीही काहीजण आले होते, दाराजवळ उभे, पाहुण्यांसारखे. पहिल्या बाकाच्या टोकाला, मधल्या वाटेत, चाकाच्या खुर्चीत हेडसर. ती त्यांना दर दोन-चार महिन्यांनी लांबून बघत असे, पण इतक्या जवळून कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. माणूस आटून गेला होता. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत घसरत होतं. शाळेत त्यांच्या बुटांचा आवाज ऐकून वर्ग चिडीचूप व्हायचा. या माणसाची कीव यावी असं काही तरी त्या खुर्चीत होतं, आणि तिला कीव आली, आणि त्यानं काहीही बदललं नाही. ती वाचनपीठावर चढली. हातात छापील पत्रक, त्यात गैरसमजांची ओळ. आत घडी केलेला तिचा कागद. गोदाम झालं, पोती झाली, बैलगाड्या झाल्या, मनोरा पडला आणि उठला. मग तिनं ती ओळ ओलांडली आणि कागद उघडला. रात्रीतून तिनं त्यात आणखी एक ओळ वाढवली होती.

‘या मंडळीनं आपल्या शिपायावर चांदीचा प्याला चोरल्याचा आळ घेतला, त्याला कामावरून काढलं, आणि प्रभुभोजनाच्या कठड्याशी सगळ्यांदेखत त्याला वगळलं. प्याला वॉर्डनच्या कुलपातल्या पेटीत निघाला. मंडळीनं हे कधीही मोठ्यानं सांगितलं नाही. तो माणूस निरपराध होता. त्याला वगळलं तेव्हा आम्ही बाकीच्यांनी प्रभुभोजन घेतलं. मीही घेतलं. मी त्याची मुलगी.’

डॉक्टर उभे राहिले होते. डॉक्टरीणबाईंनी त्यांची बाही धरली होती. दाराजवळ कुणी तरी ‘हे काय’ म्हणालं आणि दोन माणसं बाहेर पडली; त्यांच्या पावलांचा आवाज फरशीवरून पायरीवर, पायरीवरून खडीवर गेला. ऑर्गनमास्तरांनी घाईनं पाळकबाईंकडे पाहिलं, सूर धरू का म्हणून. पाळकबाई आपल्या खुर्चीतून उठल्या, चार पावलं चालल्या आणि वाचनपीठाच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. रंग पार उतरलेला होता त्यांचा. मास्तरांनी हात मांडीवर ठेवले. आणि त्या शांततेत पुढच्या बाकाकडून एक करकरीत आवाज आला.

‘ऐकू आलं नाही. पुन्हा वाच.’

‘बाबा, राहू दे,’ डॉक्टर वाकून म्हणाले. ‘घरी जाऊ आपण.’

‘तुला नाही सांगत. तिला सांगतोय. मोठ्यानं.’

खरंच ऐकू आलं नाही, की एका शिपायाच्या पोरीला चारचौघांत पुन्हा उभं करायचंय, की आणखी काही, हे त्या चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता. तिनं ते शोधायचं सोडून दिलं. तिनं श्वास भरून घेतला आणि पुन्हा वाचलं. या वेळी ‘शिपायावर’ म्हणून थांबली नाही. बाबांचं नाव घेतलं, त्यांच्या वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, कोर्टात पुकारा करतात तसं. छपराच्या जुन्या वाशांपर्यंत ते नाव गेलं. सगळं वाचून झालं तेव्हा हेडसर मान हलवत होते. खाली, वर, पुन्हा खाली. म्हातारपणाचा कंप असेल, होकार असेल. पस्तीस वर्षं तिनं असल्या माना पाहिल्या होत्या. हललेली मान नोंदवता येत नाही. लिहिणाऱ्याच्या कागदावर तिथं रिकामी जागा पडते.

‘मान हलवून चालणार नाही, सर,’ ती म्हणाली. ‘तोंडानं बोला.’

डॉक्टरांच्या घशातून एक आवाज निघाला. हेडसरांनी खुर्चीचे दोन्ही हात धरले, जणू उठायचंच आहे, आणि उठता आलं नाही तसे पुन्हा टेकले. मग ते बोलले. शाळेतल्या त्या जुन्या आवाजातला थोडासा कुठून तरी वर आला होता.

‘त्यानं घेतला नव्हता. प्याला मला... मला आधीच सापडला होता. वेदीवर ठेवायच्या तीन महिने आधी. कसा सांगावा ते कळेना. मग ठेवून दिला आणि कुणीच काही विचारलं नाही.’

तीन महिने. हे तिच्या वहीत नव्हतं. हे तिला माहीत नव्हतं, आईला माहीत नव्हतं, बाबांना माहीत नव्हतं. ते तीन महिने बाबा सिमेंटच्या धुळीत खोकत होते आणि रविवारी सदऱ्याला इस्त्री करत होते, आणि प्याला हेडसरांच्या कुलपात होता. तिला वाटलं होतं, हे ऐकलं की काही तरी सुटेल, अंग हलकं होईल. तसं काही झालं नाही. तिनं वाचनपीठाची लाकडी कड दोन्ही हातांनी धरली. खाली बसलेले सगळे तिच्याकडे बघत होते. काही रागानं, काही शरमेनं, आणि बरेचसे आता ही खाली उतरेल या अपेक्षेनं. शेजारी पाळकबाई हळूच म्हणाल्या, ‘थांबायचं असेल तर थांबा.’

‘अजून दृष्टी राहिलीय,’ ती म्हणाली. पत्रकाचं पुढचं पान उघडलं. डॉक्टरांनी लिहिलेलं, तिनं शुद्धलेखन तपासलेलं. ‘आमची दृष्टी,’ तिनं वाचलं. ‘जिथं कुणालाही परकं वाटणार नाही अशी मंडळी...’ आणि तिचा आवाज फुटला. खणखणीत म्हणून ज्याची कीर्ती होती तो आवाज मधोमध चिरला आणि परत जुळेना. पुढचा शब्द फाटका निघाला, त्याच्या पुढचाही. कुणी तरी पाण्याचा पेला पुढे केला. तिनं मानेनंच नको म्हटलं. त्या फाटक्या आवाजात तिनं ते पान शेवटपर्यंत वाचलं, मग दोन्ही पायऱ्या सावकाश उतरली, आणि आपल्या जागी जाऊन बसली.